पाठमोरी नायिका आणि साखरेचा डबा

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या घरी चार वर्षं रोज रात्री एकच मालिका लागते. गेले 13 दिवस तिची नायिका धड दिसलेलीच नाही. दोनदा फोनवर बोलताना दिसली, एकदा देवघरात पाठमोरी. मालिकेतल्या घरातले सगळे तिची वाट बघतायत. व्हॉट्सअॅपवर ‘तिने मालिका सोडली’ असे मेसेज फिरतायत आणि तिच्या जागी कोण येणार त्याची नावं रोज बदलतायत. त्यांच्या 74 वर्षांच्या आई म्हणतात, ‘ती नसेल तर मी नाही बघणार.’ ताईंचे प्रश्न तीन आहेत: हे खरं आहे का ते कसं ओळखायचं, मुख्य नायिकाच गेली तर वाहिनी मालिका बंद का करत नाही, आणि नवीन बाईला ‘ती’ म्हणून कसं बघायचं?

मी 18 वर्षं दैनंदिन मालिकांचे एपिसोड दिग्दर्शित करतोय. त्यातली बरीचशी घोडबंदर रोडवर गेली, कासारवडवली, ओवळा, गायमुख या पट्ट्यातल्या बंगल्यांत आणि शेडमध्ये. मुख्य भूमिकेतला कलाकार बदलला तेव्हा तीन वेळा मी फ्लोअरवर होतो. दोनदा प्रेक्षकांनी नवा चेहरा आपला मानला, एकदा नाही मानला. त्या एका वेळी चूक आमची होती. तीही सांगतो.

आधी तुमच्या मालिकेचं. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला तरी नायिका बदलतेय असं वाटत नाही. तिने थोडेच दिवस दिलेत आणि तेवढ्यात युनिट काम भागवतंय, असं दिसतं.

फोनचे सीन नीट बघा. नायिकेला आठ-दहा दिवसांची सुट्टी हवी असली, मग घरचं लग्न असो, ऑपरेशन असो किंवा नाटकाचा दौरा, तर जायच्या आधी एक दिवस तिचे फोनवरचे सगळे सीन एकत्र काढून घेतात. भिंत एकच, पडदा एकच, फक्त साडी बदलत राहते. सकाळी लाल, अकराला हिरवी, जेवणानंतर मोरपिशी. समोरचा माणूस नंतर केव्हातरी, दुसऱ्याच खोलीत शूट होतो आणि एडिटला दोघं जोडले जातात. वेगवेगळ्या दिवशीच्या फोनमध्ये तिच्यामागे तोच पडदा आणि खिडकीतून तसाच उजेड दिसला, तर ते एका दिवसाचं काम आहे असं समजा. आणि असा दिवस ठरवून काढलाय याचा अर्थ निर्माता आणि ती यांच्यात बोलणं नीट चालू आहे. भांडून निघालेली नायिका जायच्या आधी सात साड्या बदलून फोनचे सीन देत बसत नाही.

पाठमोरा शॉट तर रोजचाच. त्या दिवशी ती लवकर निघाली असेल, ताप असेल, किंवा दुसऱ्या युनिटवर अडकली असेल. मग तिच्या उंचीची एखादी मुलगी तीच साडी नेसून उभी राहते आणि खांद्यावरून समोरच्याचा क्लोज घेतला जातो. आम्ही त्याला सजेशन म्हणतो. प्रेक्षकांना एरवी ते कळतही नाही. शंका मनात शिरली की मात्र प्रत्येक पाठ संशयास्पद दिसायला लागते.

केस कापलेला फोटो, एकमेकींना अनफॉलो करणं, सेटवरच्या वाढदिवसाला गैरहजेरी, यावरून काहीही ठरवू नका. केसांना गंगावन असतं, आणि दोन कलाकारांचं आपसात बोलणं बंद असूनही वर्षभर मायलेकींचे उत्तम सीन झालेले मी पाहिलेत.

खऱ्या खुणा कथेत असतात. नायिकेच्या वाट्याचे निर्णय दुसरं कुणीतरी घ्यायला लागतं. धाकटी जाऊ किंवा मुलगी अचानक घराच्या मध्यभागी येते. महिनाभर चाललेला धागा, म्हणजे कोर्टाची केस, हरवलेलं मूल, कारखान्याची लिलावाची नोटीस, तिच्याशिवाय संपवला जातो. लेखकाला आधी कळवलेलं असतं, म्हणून तो तिच्यावर लटकलेलं सगळं हळूहळू उतरवून घेत असतो. तुमच्या मालिकेत असं काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. उलट घरातले सगळे तिची वाट बघतायत, म्हणजे तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

आणखी एक. तुम्ही आज जे बघता ते बऱ्याचदा चार-पाच दिवसांपूर्वी चित्रित झालेलं असतं. तयार एपिसोडच्या साठ्याला आम्ही बँक म्हणतो. बँक चांगली असेल तर नायिका आठवडाभर नसली तरी पडद्यावर काही कळत नाही. पावसाळ्यात घोडबंदरला गाड्या अडकतात, शिफ्ट तासनतास उशिरा सुरू होते, बँक संपते, आणि सकाळी काढलेला सीन रात्री दाखवायची पाळी येते. अशा वेळी नायिका दोन दिवस आजारी पडली तरी ते लगेच पडद्यावर उमटतं, आणि लोक म्हणतात ‘सोडून गेली.’ या अफवांमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

आता मालिका बंद का करत नाहीत. माझ्या सेटवर रोज 70-80 माणसं असतात. लाईटदादा, स्पॉटदादा, ड्रेसदादा, मेकअप, हेअर, साउंड, एडिट, लेखकांची टीम, शिवाय वीसेक कलाकार. बंगल्याचं भाडं दिवसावर चालू असतं. वाहिनी निर्मात्याला एपिसोडमागे पैसे देते, त्यामुळे एपिसोड गेला नाही की त्या दिवसाचे पैसेही नाहीत. त्यातल्या कितीतरी जणांना केलेल्या कामाचे पैसे आधीच तीन महिन्यांनी हातात येतात. एका माणसाच्या निर्णयावर इतक्यांच्या चुली विझू देणं बरोबर नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या नायिका भल्यापणाने सोडून जातात त्यांनाही हेच वाटत असतं. माझ्या एका मालिकेतली नायिका जाताना स्वतःच म्हणाली होती, ‘माझ्यानंतर कुणीतरी घ्या, बंद नका करू.’

मुळात आपल्याला हे नवीन नाही. ठाण्याचा प्रेक्षक गडकरी रंगायतनला वर्षानुवर्षं बदललेले नट बघत आलाय. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर 1970 साली श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते केले, आणि लोक ‘तुम्ही कोणाचे अप्पा पाहिलेत?’ असं कौतुकाने एकमेकांना विचारत. पण नाटक दर वेळी पहिल्या प्रवेशापासून सुरू होतं. नवा नट तुमच्या डोळ्यांदेखत ती भूमिका मुळापासून उभी करतो. मालिकेत नवी नायिका चार वर्षांच्या मधोमध येऊन उभी राहते. तिने भोगलेलं, रडलेलं, जिंकलेलं सगळं दुसऱ्याच बाईच्या चेहऱ्यावर घडलेलं असतं. ते आपलं करून घ्यायला तिला दोन एपिसोड मिळतात.

इंग्लंडमध्ये बीबीसीची ‘डॉक्टर हू’ 1963 साली सुरू झाली. तिचा मुख्य नट विल्यम हार्टनेल, त्याची तब्येत साथ देईना. 1966 मध्ये लेखकांनी तोडगा काढला, की हा नायक, ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहावरचा माणूस, मरणाच्या दारात आपलं शरीर बदलतो. तिथे पॅट्रिक ट्राउटन आला. तेव्हापासून नट बदलणं हा त्या मालिकेच्या कथेचाच भाग झाला. 2017 मध्ये जोडी व्हिटेकरचं नाव पहिली स्त्री डॉक्टर म्हणून जाहीर झालं. त्यांचे चाहते दर काही वर्षांनी ‘पुढचा कोण’ याचे अंदाज बांधतात, आणि त्यांना तो हक्क मालिकेनेच दिलाय. आपल्या घरगुती मालिकेत सुनेला शरीर बदलता येत नाही. अपघात, प्लास्टिक सर्जरी असले मार्ग काढले जातात. मला ते आवडत नाहीत. प्रेक्षकांना नट बदलल्याचं ठाऊक असतं. त्यांच्यापुढे सरळ नव्या चेहऱ्याने ‘आई, चहा ठेवू?’ म्हणावं, ते जास्त प्रामाणिक.

हिंदीत ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’ 2000 साली सुरू झाली. त्यातला मिहिर आधी अमर उपाध्याय होता, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. रोनित रॉयने तो इतकी वर्षं केला की कितीतरी घरांत मिहिर म्हणजे तोच. आणि 2025 मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा अमर उपाध्याय परत मिहिर झाला. उलट ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मध्ये दिशा वकानी 2017 ला रजेवर गेल्या. दयाबेनच्या जागी वर्षानुवर्षं कुणालाच आणलं नाही, आणि मालिका चालू राहिली. म्हणजे एकच नियम नाही. दयाचा तो आवाज आणि ती लकब दुसरीला द्यायला कुणी धजलं नसावं, असा माझा अंदाज आहे.

मराठीत ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया 2018 मध्ये रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे गेली आणि 2020 ला पुन्हा रसिकाकडे आली. ईशाला तोवर लोक ‘जय मल्हार’मधली बानू म्हणून ओळखत होते. भाबड्या बानूच्या चेहऱ्यावर शनायाचा तोरा बसवणं हे दुप्पट काम होतं, आणि तिने ते निभावलं. ‘आई कुठे काय करते’ची संजना 2020 च्या लॉकडाऊननंतर दीपाली पानसरेऐवजी रुपाली भोसले झाली, आणि आज संजना म्हटलं की बहुतेकांना रुपालीच आठवते. 2025 च्या जानेवारीत ‘प्रेमाची गोष्ट’ची मुक्ता, म्हणजे थेट मुख्य नायिका, तेजश्री प्रधानऐवजी स्वरदा ठिगळे करायला लागली. यातली संजना आणि शनाया या नायिकेच्या समोर उभ्या राहणाऱ्या बायका. मुक्ता घराच्या मधोमध. समोरचीला बदलणं सोपं, कारण तिच्यावर रागवायला प्रेक्षकांना नवा चेहरा चालतो. जिच्यावर माया केली तिला बदलणं फार अवघड.

आता माझ्या सेटवरची गोष्ट. जिथे आम्ही जमवलं ती.

नव्या नायिकेचा पहिला दिवस. ओवळ्याच्या बाजूचा बंगला, सकाळी सहाचा कॉल. ड्रेसदादा आधीच्या बाईंचे ब्लाऊज उसवून बसलेले. साड्या त्याच राहणार होत्या, ते मी हट्टाने ठेवलं होतं. हॉलमधला लग्नाचा फोटो रात्रीच उतरवला होता. नवा फोटो त्याच फ्रेममध्ये होता, पण काचेवर लाईट मारत होता म्हणून सेटिंगवाले तो तिरका करत होते. मंगळसूत्र जुनंच. त्याची एक वाटी घासून पांढरी पडली होती, नवं आणू म्हणत होते, मी नको म्हटलं.

वाहिनीला मोठी एंट्री हवी होती. पाऊस, दार उघडतं, स्लो मोशन, पाय आधी. मी चहाचा सीन मागितला. चार वर्षं त्या घरात राहणाऱ्या बाईची एंट्री कशी असेल? ती तर घरातच आहे. बऱ्याच चर्चेनंतर मान्य झालं.

मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा मोठा शॉट, लावला. ती ओट्याशी आली, गॅस पेटवला, आणि साखरेसाठी उजवीकडचा डबा काढला. त्यात रवा होता. ती क्षणभर थांबली, झाकण लावलं, डावीकडचा डबा काढला. दोन सेकंदांची गोष्ट. सासऱ्यांचं काम करणारे नट माझ्या शेजारी मॉनिटरसमोर बसले होते. हळूच म्हणाले, ‘हिला घर माहीत नाही.’

मी शूटिंग थांबवलं. एक तास. ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, घड्याळ दाखवत होता. बाकी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सासूचं काम करणाऱ्या बाई आणि ती, अशा दोघींनाच स्वयंपाकघरात ठेवलं. बाईंनी तिला डबा न् डबा दाखवला. पोहे कुठे, फोडणीचा चमचा कुठला, कुठला ड्रॉवर अडकतो आणि तो कोपराने ढकलावा लागतो, देवाची माचीस कुठे लपवतात. मग तिने आम्हा सगळ्यांसाठी खरा चहा केला, 40 कप. तासाभराने सीन लावला तेव्हा ती डब्याकडे न बघता बोलत होती. हात आपोआप जात होता. ड्रॉवर तिने कोपराने लोटला.

तो एपिसोड गेल्यावर लोकांनी चिडून लिहिलं, ‘आमची ती परत आणा.’ दुसऱ्या आठवड्यातही लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात एका बाईने लिहिलं, ‘नवीन आहे पण घरातली वाटते.’ गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. पहिल्या गुरुवारी आम्ही खाली गेलो होतो, पाचव्या गुरुवारी होतो तिथे आलो.

दुसऱ्या वेळी, जिथे फसलो, तिथे चेहरा शोधला होता. हुबेहूब नाही पण नाक-डोळे सारखे, उंची तीच. मुलगी गुणी होती. पण आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला. माझ्या ते लक्षात आलं होतं, मी बोललो नाही. ती माझी चूक. संध्याकाळची मालिका लोक बघतात त्यापेक्षा जास्त ऐकतात. साडेसात-आठला आतमध्ये पोळ्या चालू असतात, कुकरच्या शिट्ट्या मोजणं चालू असतं, मुलांचा अभ्यास असतो. पाठ टीव्हीकडे आणि कान मालिकेकडे. चेहरा सारखा असून काय उपयोग, स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला घरात परकी शिरल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी ऑडिशन आधी डोळे मिटून ऐकतो, मग बघतो.

त्यात भर अशी, की आम्ही घरच्यांना तयार केलं नाही. नायकाचं काम करणारा मुलगा नव्या मुलीशी बोलताना कपाळाकडे बघायचा, डोळ्यांत नाही. मुद्दाम नव्हे. आधीच्या नायिकेबरोबर तीन वर्षांची सवय होती. पण प्रेक्षक नव्या बाईकडे घरच्यांच्या नजरेतून बघतात. नवऱ्यालाच ती बायको वाटत नसेल तर कळव्यातल्या तुमच्या आईंना कशी वाटणार? म्हणून तुम्ही विचारलंत ना, नवीन बाईला कसं बघायचं, तर सुरुवातीला तिच्याकडे बघूच नका. सासूकडे बघा, लेकराकडे बघा, घरातल्या मोलकरणीकडे बघा. ती माणसं तिच्याशी पूर्वीसारखी वागत असतील तर तुम्हीही नकळत वागायला लागाल.

अफवांबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘अमुक अभिनेत्री येतेय’ म्हणून जी नावं फिरतात, त्यातल्या बऱ्याच जणींना कुणी फोनसुद्धा केलेला नसतो. माझ्या ओळखीची डोंबिवलीची एक मुलगी आहे, एकांकिकांमधून आलेली. तिचं नाव असंच कुणीतरी एका मोठ्या भूमिकेशी जोडलं. तिला ना ऑडिशन, ना निरोप. तीन दिवस तिच्या इन्स्टाग्रामवर शिव्या पडत होत्या, ‘तिची जागा घ्यायची लायकी आहे का तुझी’ म्हणून. तिच्या वडिलांनी ते वाचलं. आणि जी नायिका खरोखर रजेवर होती, ती वडिलांच्या उशाशी हॉस्पिटलमध्ये बसली होती. ‘सोडलंस का?’ म्हणून नातेवाइकांचे फोन तिला तिथे घ्यावे लागत होते. अंदाज बांधावेत, गप्पा माराव्यात, तो मालिकेवरच्या प्रेमाचाच भाग आहे. चाहत्यांच्या अंदाजांमुळे मलाही कधीकधी कथेतलं ढिलं टोक दिसलंय. फक्त त्या गप्पांमध्ये खऱ्या मुलीचं नाव घेऊन तिच्या दारापर्यंत जाऊ नये, एवढं मी हात जोडून सांगतो.

तुमच्या आईंना सांगा, अजून दोन आठवडे थांबा. त्या काळात तिचा फोन एखाद्या वेगळ्या खोलीतून आला, मागे नवा पडदा दिसला, म्हणजे ती मधे एक दिवस येऊन काम करून गेली. घरातल्या कुणी तिच्या परतीचा दिवस बोलून दाखवला तर ती येतेयच, कारण तारीख मिळाल्याशिवाय लेखक तसा संवाद लिहीत नाही. आणि समजा, खरंच नवी बाई आली, तर आईंना पहिले दोन दिवस टीव्हीसमोर बसवू नका. त्यांना मेथी निवडायला द्या, स्वयंपाकघरात बसू द्या, मालिका चालू ठेवा. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बाहेर येऊन बसल्या का, ते मला जरूर कळवा.